सेप्सिस आहे, पण उगम कुठे? हिंगोली जिल्ह्यातलं एक प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, वस्ती आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.)

रुग्ण आणि आधीचे सहा दिवस

बेचाळीस वर्षांच्या शेतमजूर बाई. कळमनुरी-औंढा पट्ट्यातली, माळाला लागून असलेली वस्ती. मधुमेह नाही, दमा नाही, कुठलं औषध चालू नाही. वजन ४८ किलो. घरी दीड एकर कोरडवाहू, दोन म्हशी, बाकी सगळं मजुरीवर. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. दिवसभर कापसातलं तण काढायचं आणि घरी येताना बांधावरचं गवत कापून म्हशींसाठी भारा आणायचा, हा त्यांचा रोजचा क्रम. हे मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहितोय. आमच्याकडे येईपर्यंत त्यांना दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. हातात कागदांची जाडजूड पिशवी होती आणि त्यातल्या एकाही कागदावर गवताचा उल्लेख नव्हता.

ताप कसा सुरू झाला ते सासूबाईंनी सांगितलं. "गवताचा भारा टाकला अन् गोधडी घेऊन पडली ती पडलीच. डोस्कं लई ठणकायलंय म्हणायली." गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली, गोळ्या दिल्या. घाम सुटून ताप उतरला, रात्री परत चढला. तिसऱ्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या. अंग इतकं दुखायला लागलं की कूस बदलता येईना. चौथ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात भरती केलं. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यूची एनएस-१ निगेटिव्ह, प्लेटलेट ७८ हजार, टायफॉइडसाठीची विडाल चाचणी पॉझिटिव्ह. टायफॉइड धरून सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक सुरू झालं, सलाईन लागलं.

विडालबद्दल इथेच बोलून घेतो. आपल्या भागात एकदा केलेल्या विडालवरून टायफॉइडचं निदान करणं धोक्याचं आहे. पूर्वी कधी होऊन गेलेल्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच एखाद्या तापामुळेही ती पॉझिटिव्ह येते. रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ छापून आलं की नातेवाइकांना उत्तर मिळाल्यासारखं वाटतं, डॉक्टरांनाही हायसं वाटतं आणि पुढचा शोध थांबतो. टायफॉइडचं खरं निदान रक्ताच्या कल्चरवर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहण्यावर होतं. ते अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायला हवं आणि तालुक्याला ती सोय बहुतेकदा नसते. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. हाताशी जे होतं त्यातून त्यांनी केलेला अंदाज अवाजवी नव्हता. सेफ्ट्रिॲक्सोन तीन दिवस नियमित देऊनही ताप तसूभर हलला नाही, तेव्हा मात्र निदान पुन्हा तपासायला हवं होतं.

सातव्या दिवशी पहाटे धाप लागली. नवऱ्याने गाडी केली आणि थेट आमच्याकडे आणलं. "टायफॉइड निघालाय साहेब, पेशी बी कमी झाल्यात. रातच्यापून बरळायली."

आल्या आल्या

ताप १०३.४, नाडी १२८, रक्तदाब ८४/५०, हवेवर ऑक्सिजन ८८ टक्के. श्वास पूर्ण मिनिटभर मोजला, ३४ भरला. रेफरच्या चिठ्ठीवर २० लिहिलेला होता. श्वासाचा हा आकडा आपल्याकडे फार वेळा न मोजताच लिहिला जातो. सेप्सिसची, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडू लागल्याची, चाहूल आधी देणाऱ्या खुणांपैकी ती एक असते आणि तिला घड्याळापलीकडे काही लागत नाही. हाक मारली की बाई डोळे उघडत होत्या, पण कुठे आलोय ते सांगता येत नव्हतं. रात्रीपासून लघवी झालेली नव्हती.

प्लेटलेट आता ४२ हजारांवर आल्या होत्या. मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन २.३, यकृताचं बिलिरुबिन २.९, रक्तपुरवठा कमी पडल्याचं सांगणारं लॅक्टेट ४.६, सगळेच वाढलेले. छातीच्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर पांढुरकी छाया होती. म्हणजे मेंदू, फुप्फुसं, मूत्रपिंड, यकृत, रक्त आणि रक्ताभिसरण, सगळीकडे बिघाड. अवयवांचा बिघाड मोजणारा सोफा गुणांक ११ भरला. २०१६ साली सेप्सिसची व्याख्या नव्याने ठरली ती अशी: संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन त्याच्या स्वतःच्याच अवयवांना जिवावर बेतेल अशी इजा होणं. संसर्गामुळे सोफा गुणांक दोन किंवा त्याहून जास्त वाढला तर सेप्सिस धरायचा. इथे शंकेला जागाच नव्हती.

प्रश्न होता तो उगमाचा, म्हणजे संसर्ग कुठून सुरू झाला याचा. लघवीत पू नव्हता, पोट मऊ होतं, सोनोग्राफीत गळू नव्हतं, कुठे जखम नव्हती. खोकला होता, पण तो सहाव्या दिवशी सुरू झालेला. न्यूमोनियापासून सुरुवात झाली असती तर खोकला आधी आला असता.

पहिला तास

रक्ताची दोन कल्चर घेतली. रिंगर लॅक्टेट हे सलाईन सुरू केलं. रक्तदाब उचलेना म्हणून सेंट्रल लाइनची (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घालायच्या नळीची) वाट न पाहता हाताच्या मोठ्या शिरेतूनच नॉरॲड्रिनलिन हे रक्तदाब वाढवणारं औषध लावलं. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याला मुभा आहे आणि छोट्या गावातल्या दवाखान्यांसाठी ती मोलाची आहे. ऑक्सिजन आधी मास्कने दिला, मग बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र लावलं.

अँटिबायोटिक पहिल्या तासात गेलंच पाहिजे, हे आता बहुतेक सगळ्यांना माहीत आहे. ते कुठलं, यावर मात्र पुरेशी चर्चा होत नाही. आम्ही मेरोपेनेम दिलं आणि त्याच वेळी डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम, कॅप्सूल उघडून, पाण्यात कालवून, नाकातून पोटात जाणाऱ्या राइल्स ट्यूबमधून. त्यानंतर दर बारा तासांनी १०० मिलिग्रॅम. निदान तेव्हा हातात नव्हतं. पण पाऊसकाळ सरत आलेला, शेतात राबणारं माणूस, आठवडाभराचा ताप, प्रचंड डोकेदुखी, घसरलेल्या प्लेटलेट, उगम न सापडणारा सेप्सिस आणि सेफ्ट्रिॲक्सोनला दाद नाही. एवढं सगळं एकत्र दिसलं की मराठवाड्यात स्क्रब टायफसचा, म्हणजे गवतातल्या सूक्ष्म जिवांच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचा, विचार आधी करायचा आणि रिपोर्ट नंतर पाहायचा, असं माझं ठाम मत आहे. दोन-चार रुपयांचं औषध आहे. ते लेप्टोस्पायरोसिसवरही चालतं. निदान चुकलं तर नुकसान जवळपास नाही. निदान बरोबर असून औषध दिलं नाही, तर माणूस जातो.

खपली

रात्री सिस्टरांनी बाईंचं अंग पुसायला घेतलं. आमच्या वॉर्डात उगम न सापडलेल्या तापाच्या प्रत्येक रुग्णाचं अंग डोक्यापासून पायापर्यंत पाहायचं, हा नियम आहे. बाईमाणसाचं पाहणं सिस्टरांकडे असतं. पडदा लावायचा, सोबतीला घरातली एक बाई ठेवायची आणि काखा, छातीखालची घडी, जांघा, कंबर, कानामागे, केसांत, सगळं बघायचं. पुरुष डॉक्टर लाजेखातर जिथे पोचत नाही, नेमक्या तिथेच चाव्याची खपली लपलेली असते.

परकराची नाडी सोडली तेव्हा कमरेच्या डाव्या बाजूला, नाडीच्या वळाखाली, ती सापडली. जेमतेम अर्धा सेंटिमीटर, काळी, कोरडी, मधोमध किंचित खोलगट, कडेला लालसर वेढा. बिडीचा चटका बसावा तशी. दाबलं तरी दुखत नव्हती, खाजत नव्हती. जांघेत त्याच बाजूला दोन गाठी हाताला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "नाडी घासून फोड आला आसंल." घरच्यांनी ती चार दिवस आधी पाहिलेली होती. कुणी विचारलंच नाही म्हणून कुणी सांगितलं नाही.

या खपलीला एश्चर म्हणतात. स्क्रब टायफसच्या सगळ्याच रुग्णांत ती सापडत नाही आणि सावळ्या कातडीवर तर सहज नजरेतून सुटते. पण सापडली की निदानाचं मोठं काम तिथेच होतं. रक्तातल्या अँटिबॉडी दाखवणारी आयजीएम एलायझा चाचणी तापाच्या पहिल्या पाच-सात दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, शिवाय तिचा नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो. खपली मात्र पलंगाशीच दिसते.

त्याच रात्री शिरेतून ॲझिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक डॉक्सिसायक्लिनला जोडलं. ही जोडी का, याला भारतातलाच भक्कम आधार आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशातल्या सात केंद्रांत गंभीर स्क्रब टायफसच्या जवळपास आठशे रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. शिरेतून फक्त डॉक्सिसायक्लिन, फक्त ॲझिथ्रोमायसिन आणि दोन्ही मिळून, अशा तीन गटांची त्यात तुलना होती. मृत्यू, सातव्या दिवशीही न मिटलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप, असा एकत्रित वाईट परिणाम जोडीच्या गटात ३३ टक्के रुग्णांत दिसला. एकेकट्या औषधाच्या गटांत तो ४७-४८ टक्के होता. मृत्यूचं प्रमाण मात्र तिन्ही गटांत १२ ते १३ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. योग्य औषध मिळूनही आठातला एक जातो, म्हणजे आजार गंभीर होण्याच्या आधीच औषध पोटात जाणं किती महत्त्वाचं आहे ते यावरून कळतं. आमच्याकडे त्या रात्री डॉक्सिसायक्लिनचं इंजेक्शन नव्हतं. शॉकमध्ये आतड्यातून औषध किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून शिरेतलं ॲझिथ्रोमायसिन आणखीच गरजेचं होतं.

ताप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरला. तिसऱ्या दिवशी नॉरॲड्रिनलिन सुटलं, लघवी सुरळीत झाली आणि बाईंनी म्हशींचं दूध कोण काढतंय ते विचारलं. अठ्ठेचाळीस तासांत कल्चरमध्ये काही उगवलं नव्हतं, म्हणून मेरोपेनेम थांबवलं. हेही जाणीवपूर्वक केलं. ‘चालू आहे तर राहू दे’ म्हणत ही शेवटच्या फळीतली औषधं आठ-दहा दिवस ओढली जातात. त्यातूनच त्यांना न जुमानणारे क्लेब्सिएलासारखे जंतू आपल्या आयसीयूत मुक्काम ठोकतात आणि पुढच्या रुग्णाला सेप्सिस करतात.

हा जंतू वेगळा कुठे आहे

स्क्रब टायफसचा जंतू म्हणजे ओरिएन्शिया सुत्सुगामुशी. तो पसरवतात माइट नावाचे, गोचिडीच्या जातकुळीतले अतिसूक्ष्म जीव. त्यांच्या फक्त अळ्या माणसाला चावतात, मोठे माइट मातीत राहतात. अळी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी असते, त्यामुळे चावल्याचं कळत नाही. ती गवतावर, झुडपांवर बसून उंदरा-घुशीची वाट पाहते आणि मध्ये माणूस आला तर त्याला धरते. कपडा जिथे अंगाला घट्ट असतो तिथे ती थांबते, म्हणून नाडीखाली, काखेत, जांघेत खूण सापडते. संसर्ग झालेल्या मादीकडून तो अंड्यांत उतरतो, त्यामुळे जंतू पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीत टिकतो. माइट जमिनीवर ठिकठिकाणी पुंजक्यांनी असतात. एका बांधावर गवत कापणारी आजारी पडते आणि शेजारच्या बांधावरची ठणठणीत राहते, ते यामुळे.

शरीरात शिरल्यावर हा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत घर करतो. इथेच त्याचं आणि सेप्सिसचं नातं जुळतं. सेप्सिसमध्ये कुठल्याही जंतूमुळे शेवटी हेच अस्तर बिघडतं. रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तदाब पडतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट खर्ची पडतात, फुप्फुसांत पाणी झिरपतं. ओरिएन्शिया तर मुळात त्या अस्तरातच बसलेला असतो.

आणि तो पेशीच्या आत असतो, म्हणूनच आपली नेहमीची औषधं फसतात. सेफ्ट्रिॲक्सोन काय किंवा मेरोपेनेम काय, ही औषधं जंतूच्या पेशीभित्तीवर घाव घालतात. या जंतूला ती भिंत जवळपास नाहीच आणि तो राहतो माणसाच्या पेशीत. डॉक्सिसायक्लिन पेशीच्या आत शिरतं आणि जंतूची प्रथिनं तयार होणंच थांबवतं. नेहमीच्या कल्चरच्या बाटलीत तो वाढत नाही तेही याच कारणाने, कारण त्याला वाढायला जिवंत पेशी लागते. ‘कल्चर स्टराइल’ असा रिपोर्ट पाहून जंतूच नाही असं समजणं इथे जिवावर बेततं.

सेप्सिस आणि नव्याने डोकं वर काढणारे आजार

स्क्रब टायफस तसा जुना. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्याने सैनिकांचे हाल केले. मधली काही दशकं तो आपल्या विस्मरणात गेला आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत देशभर पुन्हा दिसू लागला. गोरखपूर भागात दर पावसाळ्यात मुलांचे बळी घेणाऱ्या मेंदूज्वरामागे मोठ्या प्रमाणावर हाच असल्याचं गेल्या दशकात उघड झालं. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली आणि महाराष्ट्रात त्याचं नाव सर्वतोमुखी झालं. आमचा हिंगोली-नांदेडचा पट्टा विदर्भाला खेटून आहे. पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे गवत तेच, उंदीर तेच. नदी ओलांडल्यावर निदान बदलावं असं काही कारण मला दिसत नाही.

नवा आजार असो की परत आलेला, तो नाव सांगत येत नाही. तो दवाखान्यात येतो तो ताप, धाप, पडलेला रक्तदाब आणि घसरलेल्या प्लेटलेट घेऊन, म्हणजे सेप्सिसच्या रूपात. १९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं फुप्फुसांत पाणी भरून अचानक दगावू लागली, त्यातून उंदरांमुळे पसरणाऱ्या हंटाव्हायरसच्या एका नव्या प्रकाराचा शोध लागला. २०१८ मध्ये केरळातल्या कोझिकोडला एका घरातला दुसरा रुग्ण पहिल्यासारख्याच लक्षणांनी आला, तेव्हा डॉक्टरांनी निपाह विषाणूची शंका घेतली आणि साथ लवकर हाती आली. गंभीर कोविड हाही विषाणूमुळे झालेला सेप्सिसच होता. कर्नाटकात १९५७ मध्ये सापडलेला क्यासनूर जंगलाचा ताप २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात उतरला. अशा वेळी डॉक्टरने सुरुवात एकाच प्रश्नाने करायला हवी: या रुग्णाच्या आजाराचा उगम का सापडत नाही?

जगात २०१७ या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला बहुतांश भार आपल्यासारख्या देशांवर आहे. जागतिक आरोग्य सभेने २०१७च्या मे महिन्यात सेप्सिसवर स्वतंत्र ठरावही केला. पण सेप्सिसच्या उपचारांचे जे ठोकताळे आपण पाठ केले आहेत ते मुख्यतः श्रीमंत देशांतल्या, नेहमीच्या जिवाणूंच्या सेप्सिसवर बेतलेले आहेत. तिथल्या ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’, म्हणजे अनेक जंतूंवर चालणाऱ्या अँटिबायोटिकच्या टप्प्यात आमच्या बांधावरचा जंतू येत नाही. सेप्सिसचे निकष रुग्ण किती गंभीर आहे ते सांगतात. आजार कुठला, ते त्यांतून कळत नाही. ते कळायला माणूस कुठे राबतो, कुठे झोपतो, काय कापतो, गोठ्यात काय आहे, गावात आणखी कोण आजारी आहे, हे विचारावंच लागतं.

सलाईनबद्दल

याच ठोकताळ्यातला दुसरा भाग म्हणजे किलोमागे ३० मिलिलीटर सलाईन. ४८ किलोच्या बाईंना ते जवळपास दीड लिटर झालं असतं. आम्ही थोडं थोडं देत, प्रत्येक वेळी फुप्फुसं ऐकत सव्वा लिटरच्या आत थांबलो, कारण तळाशी करकर वाढायला लागली होती. पाझरणाऱ्या रक्तवाहिन्यांत ओतलेलं पाणी फुप्फुसांत जातं. आफ्रिकेतल्या तीन हजारांहून अधिक आजारी मुलांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झपाट्याने सलाईन दिलेल्या मुलांमध्ये मृत्यू वाढले. झांबियात प्रौढांवर झालेल्या २०१७च्या चाचणीतही साचेबंद, भरपूर सलाईनच्या उपचाराने जास्त रुग्ण दगावले. व्हेंटिलेटर हाताशी नसेल तिथे हा हिशेब आणखी कडक ठेवायला हवा. सलाईन लावलं की बरं वाटतं ही समजूत आमच्या भागात खोलवर रुजलेली आहे. "साहेब, अजून एक बाटली लावा" असं नवऱ्याने दोनदा म्हटलं. त्यांना एक्स-रे दाखवला, फुप्फुसात पाणी कुठे आहे ते बोटाने दाखवलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

वस्तीवर

खपली सापडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साथींवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा सर्वेक्षण कक्षाला कळवलं. एलायझाचा नमुना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेला. रिपोर्ट पाचव्या दिवशी पॉझिटिव्ह आला, पण कळवण्यासाठी त्याची वाट पाहिली नाही. ही घाई मला फार महत्त्वाची वाटते. आयसीयूतल्या एका रुग्णामागे वस्तीवर तापाने फणफणलेली आणखी माणसं असू शकतात आणि त्यांना अजून सेप्सिस झालेला नसतो.

तसंच निघालं. आशाताई आणि आरोग्यसेविका घरोघर फिरल्या. तापाचे दोन रुग्ण सापडले. एका साठीच्या आजी, काखेत खपली. एक बारा वर्षांचा मुलगा, पाच दिवसांचा ताप, कानामागे केसांच्या कडेला खपली. तो रोज संध्याकाळी गवतावर पडून मोबाइल बघायचा. दोघांनाही प्राथमिक आरोग्य केंद्रातून डॉक्सिसायक्लिन मिळालं आणि दोन दिवसांत दोघांचा ताप गेला. दोघेही भरती झाले नाहीत. मुलांना डॉक्सिसायक्लिन देऊ नये, दात पिवळे पडतात, ही जुनी भीती अनेकांच्या मनात अजून आहे. सात दिवसांच्या कोर्सला तो धोका नगण्य आहे आणि स्क्रबचा धोका खरा आहे.

आरोग्य पथकाने वस्तीवर बैठक घेतली. अंगभर कपडे घाला, बूट घाला, गवतावर बसू नका, कपडे गवतावर वाळत घालू नका, घरी आल्यावर साबणाने अंघोळ करून कपडे बदला. सगळं बरोबर होतं. एका बाईंनी विचारलं, "गवतावर नाही बसायचं तर दुपारची भाकर कुठं बसून खायची?" प्रश्न रास्त होता. बांधावर दुसरी जागाच नसते. मग ठरलं ते असं की खताची रिकामी प्लास्टिकची गोणी धुऊन सोबत न्यायची, ती अंथरून बसायचं आणि तिची एकच बाजू जमिनीला लावायची. बूट कुणी घालेल असं मला वाटत नाही, चिखलात ते जमतही नाही. गोणी आणि घरी आल्यावरची अंघोळ मात्र जमण्यासारखी आहे.

घरी गेल्यावर

दहाव्या दिवशी बाई घरी गेल्या. सहा आठवड्यांनी तपासायला आल्या तेव्हा क्रिएटिनिन ०.९, प्लेटलेट व्यवस्थित, एक्स-रे स्वच्छ. कागदावर सगळं छान होतं. पण गवताचा भारा उचलवत नव्हता, जिना चढताना धाप लागत होती, केस पुंजक्याने गळत होते, रात्री दचकून जाग येत होती. चूल पेटवून ठेवायची आणि विसरून जायचं, असंही दोनदा झालं होतं. सेप्सिसमधून वाचलेल्या अनेकांना महिनोन्‌महिने असा त्रास होतो. घरचे मात्र "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग काय झालं" म्हणतात आणि रुग्ण स्वतःलाच आळशी ठरवतो. म्हणून त्या दिवशी नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून हे आजाराचंच उरलेलं आहे, हळूहळू भरून येईल, असं स्पष्ट सांगितलं. रोज थोडं चालणं, पोटभर डाळ-अंडी, भारा सध्या दुसऱ्याने आणायचा. सोयाबीन काढणीची सगळी मजुरी बुडाली होती. आमच्याकडे येण्याआधी जे पैसे गेले त्यासाठी एक म्हैस विकावी लागली. हे नुकसान सेप्सिसच्या कुठल्याही गुणांकात मोजलं जात नाही, पण या घराला ते वर्षभर भोवणार आहे.

त्या हंगामानंतर आसपासच्या तालुक्यांतल्या डॉक्टरांबरोबर बसून आम्ही रेफरच्या चिठ्ठीत तीन रकाने वाढवले. श्वास, पूर्ण मिनिट मोजून. अंगावर खपली: पाहिली, सापडली किंवा पाहायची राहिली. आणि डॉक्सिसायक्लिनचा पहिला डोस किती वाजता दिला. गरोदर बाई असेल तर त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन. तिसरा रकाना भरल्याशिवाय जुलै ते डिसेंबर या काळात तापाचा गंभीर रुग्ण गाडीत बसवायचा नाही, असं त्यांनी मान्य केलं आहे. हिंगोलीहून नांदेडला किंवा परभणीला पोचायला दीड-दोन तास सहज जातात आणि तेवढ्यात औषध पोटात उतरून कामाला लागलेलं असतं.